टी.वाय.च्या पोरांनी परिषदेत पेपर वाचायचे कशाला?

गंगापूररोडकर :
काल लेकीच्या कॉलेजात ‘राष्ट्रीय परिषद’ झाली. पालक म्हणून मागच्या रांगेत बसलो होतो. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण यात दुपार उलटली. मग जेवण. उरलेल्या वेळात पोरांना तीन-तीन मिनिटं. परीक्षक मोबाईलवर बोटं फिरवतायत, पोरं स्लाइडवरचं वाचून दाखवतायत, थँक यू, टाळ्या, सर्टिफिकेट, फोटो. नावनोंदणीचे पैसे वेगळे. पदवीच्या पोरांकडून कसलं डोंबलाचं संशोधन होणार? सगळी कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायलींची भरती. पोरांना धड अभ्यास करू द्या आणि हे प्रकार पदवीपुरते तरी बंद करा.

बाटलीवाली :
काका, जेवणावळ लांबली म्हणून थेट ‘बंद करा’?

बी.एस्सी.ला असताना मी आपल्या नाशकात गोदावरीचं पाणी तपासलं होतं. आनंदवली, रामकुंड आणि तपोवनाच्या खाली. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर नुसतं पाणी भरून लॅबमध्ये आणून चालत नाही. काठावरच बाटलीत मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड सोडायचं, बूच लावायचं, उलटसुलट हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. आनंदवलीला चांगला चहाच्या रंगाचा बसला. तपोवनाखाली पांढराच राहिला. मी बाटली दोनदा हलवली, तरी पांढराच.

ते काम घेऊन आविष्कारला गेले (2006 मध्ये कुलपती कार्यालयाने सुरू केलेली, विद्यापीठाविद्यापीठांतली संशोधनाची स्पर्धा). एक परीक्षक आले. रंगीत आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, ‘ही बाटली किती वाजता भरलीस?’ म्हटलं, अकराला. म्हणाले, ‘पहाटे भर. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री सगळेच तो ओढतात. नदीचे खरे हाल उजाडायच्या आधी दिसतात.’ बक्षीस मिळालं नाही. पण पुढे एम.एस्सी.चा प्रोजेक्ट त्या एका प्रश्नावर उभा राहिला. वर्गात असा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. परीक्षेत विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं, इथे त्यांनाही नव्हतं.

आणि एवढ्या लांबलचक पोस्टमध्ये लेकीचा विषय काय होता, ते कुठेच नाही.

गंगापूररोडकर :
विषय मला तोंडपाठ आहे, ताई. सीबीएस ते सातपूर शेअर रिक्षा. महापालिकेची सिटीलिंक बस 2021 पासून धावतेय, तरी कंपनीतल्या बायका शिफ्ट सुटल्यावर रिक्षाच का धरतात. भर उन्हात उभी राहून बायकांना विचारत होती पोरगी. पैशांची गोष्ट नाही निघाली. ओळखीच्या चौघी एका रिक्षात बसतात, एकमेकींना गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत होते, म्हणून. आता ऐका. तीन मिनिटांतली दोन ‘आदरणीय व्यासपीठ’ आणि गाइडांचे आभार यात गेली. चौघींपर्यंत यायच्या आत घंटी वाजली. तुम्हाला चांगला परीक्षक भेटला, नशीब तुमचं. नशिबावर परिषदा चालवायच्या का?

तासिकावाला :
मी आतल्या बाजूचा माणूस, तासिका तत्त्वावरचा, त्यामुळे नाव विचारू नका. परिषदेचं स्टेज मी लावायचं, पोरांच्या स्लाइड मी दुरुस्त करायच्या आणि पोस्टरवर मार्गदर्शक म्हणून कायम नोकरीवाल्या साहेबांचं नाव. मानधन कधी येईल ते देवाला माहीत.

काका म्हणतात ती भरती खरी आहे, पण मूळ पोरांत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2016 च्या नियमांत पीएच.डी.ला एक शोधनिबंध छापणं आणि दोन परिषदांत वाचन करणं सक्तीचं होतं. 2022 च्या नियमांनी ती सक्ती काढली. यूजीसीने 2025 मध्ये केअर यादी, म्हणजे मान्य शोधपत्रिकांची यादीसुद्धा गुंडाळली. पण तोवर परिषदांची दुकानं थाटली गेली होती. गिऱ्हाईक कमी झालं, म्हणून आता टी.वाय.ची पोरं धरून आणतात. बंद करायचंय तर हॉलमधलं वाचन बंद करा. पोस्टर लावा, पोरगं शेजारी उभं करा, येणाऱ्याला विचारू द्या.

निफाडचे तात्या :
पोस्टरचं नाव काढू नका सर. मागल्या साली एक पोरगा आमच्या कांदा चाळीत थर्मामीटर लावून गेला. चहापाणी केलं, आमच्या हिने जेवायला वाढलं. नंतर त्याचं पोस्टर व्हॉट्सअपवर आलं. ‘शेतकऱ्यांच्या अज्ञानामुळे 40 टक्के नासाडी’! माझ्याच चाळीचा फोटो! विचारलं, 40 कुठून आणले? म्हणे नेटवरून. अरे, माझ्या चाळीतलं एक क्रेट तरी तोललंस का?

लासलगाव लोकल :
तात्या, राग आवरा. आकडा चोरीचा असेल, पण कांदा सडतो हे खोटं आहे का? काढणीआधी पाणी किती दिवस तोडता? आणि लागवडीनंतर दोन महिन्यांच्या पुढे युरिया टाकणारे आपल्याच शिवारात किती आहेत? कांद्याची मान जाड राहते, तो सडतो, मग चाळीला शिव्या.

निफाडचे तात्या :
मला चाळ शिकवू नका. दहा-बारा दिवस पाणी तोडतो. पातीखाली शेतात सुकवतो, मान पिळ खाल्ल्याशिवाय पात कापत नाही. बापापासून चालत आलंय. युरियाचं तुमच्या भावकीला विचारा.

लासलगाव लोकल :
भावकी काढायचं काम नाही! आमच्या गावात 2002 पासून कांद्यावर किरणं सोडणारं विकिरण केंद्र आहे. त्याने कोंब थांबतो, सड थांबत नाही. सड शेतातूनच येते, एवढंच म्हणतोय.

गंगापूररोडकर :
विषय काय, चाललंय काय. कांद्याचा वेगळा धागा काढा की.

तासिकावाला :
काका, असू द्या. तुमच्या परिषदेत दिवसभरात एवढे प्रश्न झाले नसतील.

गंगापूररोडकर :
ते मात्र खरं. ठीक आहे, ‘बंद करा’ मागे घेतो. सत्कार बंद करा. त्यावर तरी एकमत होईल का, का तिथेही तुमच्या साहेबांची शाल आडवी येणार?

तासिकावाला :
शाल आणायला मलाच पाठवतात, माझा पाठिंबा धरा.

बाटलीवाली :
तात्या, त्या पोराच्या थर्मामीटरमधून काही निघालं की नाही?

निफाडचे तात्या :
ढिगाच्या मधल्या थरात पारा जास्त होता, एवढं कबूल. यंदा थर चार फुटांवरच ठेवलाय. पोस्टरमुळे नाही, यंदा मालच कमी निघाला.

बाटलीवाली :
पारा कधी घ्यायचा तो? रात्री पण?

निफाडचे तात्या :
दुपारचा यायचा, एसटीने. रात्री कोण येतंय? का, रात्री काय होतं चाळीत?

लासलगाव लोकल :
बाहेरची हवा गार पडते, मधला ढीग ऊबच धरून बसतो. मग दमट होतं आणि...

निफाडचे तात्या :
युरियावाल्यांनी मध्ये बोलू नये. ताईंना विचारलंय.