चावीतला ‘च’ लिस्बनमध्ये कुठे गेला?

गेल्या महिन्यात तिघी मैत्रिणींबरोबर एक दिवस लिस्बन पाहिलं. अल्फामाच्या चढावर एका जुन्या घरात उतरलो होतो. सकाळी निघताना घरमालकीणबाईंनी किल्ली हातावर ठेवली नि म्हणाल्या, “शाव्.” कागदावर लिहिलेला शब्द पाहिला तर सी-एच-ए-व्ही-ई. म्हणजे आपली चावीच! मग तिथला ‘च’ गेला कुठे?

त्यानंतर दिवसभर आमचे कान टवकारलेलेच, पोर्तुगीजमधून मराठीत आलेल्या शब्दांची यादीच करायला घेतली. एका बेकरीचं दार आम्ही ढकलतोय ढकलतोय, उघडेचना. पाटीवरच्या शब्दाचा उच्चार ‘पुश’, अर्थ मात्र ‘ओढा’! आत ‘पांव’ मिळाला, अगदी नाकातून म्हटलेला. दुपारी काल्दु व्हेर्द सूप घेतलं, त्यातली हिरवी पालेभाजी म्हणजे ‘कोव्’, आपल्या कोबीचं मूळ. बिलाच्या तळाशी ‘तुताल अ पगार’. मैत्रीण ओरडलीच, “अगं, पगार!” तिकडे ते क्रियापद आहे, पैसे चुकते करणे. आपल्याकडे त्याचं नाम झालं आणि अर्थही उलट्या बाजूने आला: देणाऱ्याच्या तोंडचा शब्द घेणाऱ्याने उचलला. मला हे फार मोलाचं वाटतं. हे शब्द पोथीतून आले नाहीत, ते कामावरच्या माणसांनी ऐकून घेतले.

बेलेंच्या जेरोनिमुश मठात वास्को द गामाच्या कबरीपाशी उभी असतानाही डोक्यात चावीच होती. शिवाय एक शंका. पांवचा पाव झाला, लैलांवचा लिलाव झाला, मग ‘सबांव’चा साबाव न होता साबण कसा झाला?

प्रतिसाद:
ताई, तुमचा ‘च’ हरवलेला नाही, तो आपल्याकडे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज माणूस सी-एच या अक्षरजोडीचा उच्चार ‘च’ असाच करी. पुढे लिस्बनकडे त्याचा ‘श’ झाला, लेखन तसंच राहिलं. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या काही भागांत अजून ‘च’ ऐकू येतो. गोवा 1510 मध्ये त्यांच्या हाती गेला, आमची वसई 1534 मध्ये. शब्द तेव्हाच्या उच्चारासकट इथे रुजला. वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतली, चावी राहिली.

प्रतिसाद:
साबणाची शंका रास्त आहे. बऱ्याच याद्यांत तो पोर्तुगीज म्हणून दाखवतात, पण अरबी-फारसीत ‘साबून’ आहे, हिंदीत साबुन. शेवटचा ‘न’ तिथे आयता आहे. मूळ लॅटिन शब्द एकच असला तरी मराठीत तो फारसीच्या वाटेने आला, असं मी म्हणेन. खमीसचंही (सदऱ्याचं) तसंच, ‘कमीस’ अरबीतही आहे. नुसतं साम्य पाहून शिक्का मारू नये.

मूळ लेखिका:
पटलं. साबण यादीतून काढला. परात मात्र सोडणार नाही. काही जण ती संस्कृत ‘पात्र’वरून आली म्हणतात, पण ‘त्र’चा मराठीत सहसा ‘त’ होतो: सूत्रचं सूत, रात्रची रात. पात्रचं ‘पात’ झालं असतं, सुरुवातीला ‘पर’ कुठून येईल? पोर्तुगीज ‘प्रातु’ म्हणजे ताट, आणि ‘प्र’ फोडला की ‘परात’ सरळ तयार होते. त्या दिवशी सूप आलं तेव्हा खालच्या ताटलीला वाढणाऱ्या काकू ‘प्रातु’च म्हणत होत्या.