मदत हवी आहे: उंट देऊन घोडा मारू की नको?

रविवारची_बाजी: परवा सोसायटीची बुद्धिबळ स्पर्धा आहे आणि मी दर डावात एकाच जागी अडकते. उंट जी५ च्या घरात नेऊन घोडा पिन करते (तो हलला तर मागचा वजीर जातो), समोरचा एच६ करतो, म्हणजे प्यादं एच६ ला सरकवून उंटावर येतो. मारला तर उंट फुकट घालवल्यासारखं वाटतं, मागे घेतला तर तो जी५ करून अंगावर येतो. दोघांचे गुण तीनच ना? पटकन सांगा, थिअरी नको.

मिरजकर: मारू नका. बावीस वर्षं खेळतोय, पट मोकळा झाला की उंटांची जोडी काय करते ते भोगलंय. जगज्जेता झालेल्या बॉबी फिशरने १९७१ ला ब्युनोस आयर्सला सी५ वर भक्कम बसलेला घोडा देऊन माजी जगज्जेत्या पेट्रोस्यानचा डी७ चा उंट उचलला. सातवा डाव, लावून बघा.

अडीच_घरे: तो उंट भारी होता म्हणून नाही उचलला, मिरजकर! तो गेल्यावर सी ही उभी पट्टी हत्तीला मिळाली. हाच फिशर १९६६ ला हवानाला चौथ्याच चालीला उंट देऊन सी६ चा घोडा मारायचा. पोर्तिश आणि ग्लिगोरिच हे ग्रँडमास्टर, दोघंही हरले. काय गेलं यापेक्षा पटावर काय उरलं ते बघायचं.
ताई, ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, कोणतं? त्याचं कॅसलिंग (राजा हत्तीकडे नेऊन सुरक्षित करणं) झालंय का?

रविवारची_बाजी: इटालियन. त्याचं नाही झालं, माझं झालंय.

मिरजकर: मग उंट जी५ ला नेताच कशाला? त्याचा राजा मध्ये असताना एच६, जी५, एच५ ही प्यादी तुमच्याच राजावर येतात. ई३ ला ठेवा.

आईबाबा_नागपूर: दिव्या देशमुखने २०२५ चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून आमची सात वर्षांची मुलगी रोज पट मांडून बसते. लाकडी पट घ्यावा की गुंडाळायचा?

अडीच_घरे: गुंडाळायचाच घ्या, राजा साडेनऊ सेंटिमीटरचा. स्पर्धेत तसाच असतो.
ताई, मुख्य गोष्ट राहिली. वजिराकडचा घोडा कुठे असतो?

रविवारची_बाजी: सी३ वर. ते सांगायला हवं होतं का?

अडीच_घरे: तिथेच तर सगळं आहे! डी५ चं घर त्याचा एफ६ चा घोडा राखतो. तुम्ही तो मारता, तो वजिराने उंट मारतो, आणि तुमचा घोडा थेट डी५ ला: वजिरावरही हल्ला, सी७ च्या प्याद्यावरही. वजीर बहुतेक डी८ ला परत. मग सी३ करून डी४ ची तयारी. सी३ वर आधीच प्यादं असतं तर घोडा डी५ ला जाऊच शकला नसता, तेव्हा मात्र मिरजकर म्हणतात तेच बरोबर. एक जपा: वजीर जी६ ला गेला तर सी७ मारायच्या आधी स्वतःच्या राजापुढचं जी२ चं प्यादं बघा.

मिरजकर: डावाच्या शेवटी मोहरी कमी होऊन प्यादी पटाच्या दोन्ही बाजूंना उरली की घोडा धावून धावून दमतो, तेव्हा माझी आठवण काढा.

रविवारची_बाजी: रात्री तीन डाव खेळले. दोनदा घोडा डी५ ला बसला, वजीर निमूट डी८ ला गेला. तिसऱ्यात तो जी६ ला आला, मी जी२ पाहिलं आणि सी७ ला हात लावला नाही. तो डाव बरोबरीत सुटला. मिरजकर, शेवटाला त्याचे दोन्ही उंट होते, तुमची आठवण आली. अशा शेवटात माझी प्यादी कोणत्या रंगाच्या घरांवर ठेवू?