घरोघरी फिल्टर आले, मग नळाच्या पाण्याची जबाबदारी कुणाची?

कवडसा
परदेशात राहून आलेला प्रत्येक जण सांगतो, "तिकडे आम्ही नळाचंच पाणी प्यायचो." त्यावर आपलं उत्तर ठरलेलं असतं, "आपल्याकडे नाही बाबा चालत." मग फिल्टर बसवून आपण मोकळे होतो. चालत का नाही, हे कुणी विचारत नाही.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी बहुतेक वेळा ठीक असतं. ते नासतं रस्त्याखालच्या पाइपात, आणि मुख्य कारण म्हणजे आपण पाणी ठरावीक वेळेलाच सोडतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आतला दाब जातो. जुन्या जोडाला तडा असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर तिथलं पाणी आत झिरपतं. त्यात वरच्या घरात कुणी नळाला थेट टिल्लू पंप जोडला असेल, तर तो ही घाण चक्क ओढूनच घेतो. पाणी आल्यावर सुरुवातीला गढूळ येतं, वास मारतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. पाइपात चोवीस तास दाब असेल तर भोकातून पाणी बाहेर जाईल, पण बाहेरची घाण आत शिरणार नाही.

हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आणि बाकीच्यांत काही दिवसांआड, अशी परिस्थिती होती. संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. दिवसांआड येणाऱ्या पाण्यात जंतू जास्त वेळा आणि जास्त प्रमाणात सापडले. ओडिशात पुरीने २०२१ साली घरोघरी चोवीस तास, थेट नळाला पिण्यायोग्य पाणी द्यायला सुरुवात केली. पुरीला जमतं, तर बाकीच्या शहरांना कुणी अडवलंय?

घरी फिल्टर असणाऱ्याला तक्रार करायचं कारण उरत नाही. ज्याला फिल्टर परवडत नाही, त्याच्या बाजूने बोलणारंही मग कुणी उरत नाही. मला याची खरोखर चीड येते.

सांजवेळ
तत्त्व म्हणून सगळं पटतं. पण माझ्या घरात लहान मूल आहे आणि ते आज पाणी पितं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) साथ आली, ती आठवते ना? सिंहगड रस्त्याच्या बाजूला रुग्ण एकवटले होते, पाण्यावर संशय होता, आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. हातापायातलं बळ जाऊन माणसं व्हेंटिलेटरवर गेली. तेव्हा प्रशासनानेही पाणी उकळूनच प्या असं सांगितलं. पाइप बदलेपर्यंत मी थांबायचं का? फिल्टर लावणाऱ्या आईबापांना दोषी ठरवू नका.

दूरदेशी
मी बरीच वर्षं बाहेर राहतो, म्हणून 'तिकडचं पाणी' याबद्दल थोडं सांगतो. अमेरिकेत फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला आणि नदीचं पाणी घेतलं. पाइप गंजू नयेत म्हणून जे रसायन मिसळायला हवं होतं, ते मिसळलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं आणि मुलांच्या रक्तापर्यंत पोहोचलं. कॅनडात वॉकर्टनला २००० साली शेणखतातले जंतू विहिरीत उतरले. क्लोरीनच्या नोंदी खोट्या भरल्या जात होत्या. ७ माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. न्यूझीलंडच्या हॅवलॉक नॉर्थमध्ये २०१६ साली मेंढ्यांच्या विष्ठेतून विहिरीत आला तो कॅम्पिलोबॅक्टरच, आणि हजारो लोक आजारी पडले. त्या पाण्यात क्लोरीन नव्हता.

म्हणून नळावर आंधळा विश्वास मी कुठल्याच देशात ठेवत नाही. शेवटची गाळणी स्वतःच्या घरात असलेली बरी.

कवडसा
@दूरदेशी, तुमची तिन्ही उदाहरणं खरी आहेत, पण पुढे काय झालं तेही सांगा ना. फ्लिंटमध्ये लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये शहराला स्रोत परत बदलावा लागला. वॉकर्टनची रीतसर न्यायालयीन चौकशी झाली. न्यूझीलंडमध्ये २०२१ पासून पिण्याच्या पाण्यावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र संस्थाच काम करतेय. लोक नळाचं पाणी पीत होते, म्हणूनच ते इतके चिडले.

@सांजवेळ, तुम्हाला दोष देत नाही. मूल आजारी पडू नये म्हणून जे करता येईल ते कराच. फक्त फिल्टर बसला म्हणून वॉर्ड ऑफिसात जाणं सोडू नका.

रानवारा
फिल्टरवर बोलताय तर ते विकतात कसे तेही बघा. विक्रेता पेनासारखा मीटर नळाच्या पाण्यात बुडवतो, "टीडीएस तीनशे!" म्हणतो आणि समोरचा घाबरतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत ते चालतं म्हणतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत आणि धोकादायक इतकं शिसं असलं तरी कळत नाही.

दुसरा खेळ त्याहून वाईट. दोन पेल्यांत कांड्या बुडवून वीज सोडतात. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी होतं, वर फेस येतो, आरओचं (पाण्यातले क्षारही काढणाऱ्या फिल्टरचं) तसंच राहतं. तो तपकिरी गाळ त्यांच्याच लोखंडी कांडीचा गंज असतो! क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यातून जवळजवळ वाहत नाही, म्हणून तिथे कांडी झिजत नाही. हे बघून लोक घाबरून मशीन घेतात.

जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच सांगितलं होतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. धरणाच्या गोड्या पाण्याला हे कशाला? जंतूंची भीती असेल तर उकळा किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) लावा, तेवढं पुरतं.

पाणलोट
तुम्ही सगळे शहराचं बोलताय. मी गावांच्या पाणीपुरवठ्याचं काम करतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, फार तर १.५. त्यापुढे वर्षानुवर्षं पीत राहिलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि प्रमाण जास्त असेल तर हाडं वाकतात. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतं. तिथे आरओसारखं फ्लोराइड काढणारं यंत्र किंवा दुसरा स्रोत, एवढाच पर्याय. @रानवारा, 'आरओ कशाला' हे सरसकट म्हणू नका.

आणि गावात जंतूंचा प्रश्न सोडवायला टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग) पावडर आणि ओटीची (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन तपासायचं रसायन) एक बाटली लागते. नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. गावाच्या शेवटच्या नळाला रंग आला नाही, तर टाकीवर कितीही पावडर टाकल्याची नोंद असो, तिचा उपयोग नाही. पावडर संपते, मागणीपत्र पडून राहतं, जलसुरक्षकाचं मानधन थकतं. साथ येते ती इथून.

सांजवेळ
ही ओटीची बाटली शहरात मिळते का? नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने शहरांच्या नळाच्या पाण्याचा अहवाल काढला, तेव्हा मुंबईचे सगळे नमुने पास झाले होते. पण इमारतीत आल्यावर पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत, मग गच्चीवरच्या. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण सरकलेलं होतं आणि तळाशी बोटभर गाळ होता. त्याला पालिका काय करणार?

पाणलोट
मिळते, पोहण्याच्या तलावाच्या पाण्यासाठी विकतात तसला क्लोरीन तपासायचा किटही चालेल. टाकीत येणारं आणि घरातल्या नळाचं, दोन्ही तपासा. येताना रंग आणि घरात नाही, तर टाकी धुवायची. येतानाच नसेल तर पालिकेला लेखी द्या.

कवडसा
चोवीस तास पाणी असतं तर ही टाकीच लागली नसती. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून ते करून दाखवलंय. मीटर आला की गळती सापडते, वापर कमी होतो.

पाणलोट
मलकापूरच्या उशाशी कोयना आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. तिथल्या माणसाला चोवीस तास दाबाचं काय सांगणार? पाणी कमी असेल तिथे आड दिवसाने येणार, हे धरून चाला, आणि त्याच पाण्यात शेवटच्या नळापर्यंत ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन कसा टिकेल ते बघा. तो आकडा रोज चावडीवरच्या फळ्यावर आणि वॉर्ड ऑफिसच्या दारावर लिहिला पाहिजे, नमुना कुठल्या नळाचा घेतला त्या पत्त्यासकट. मी एवढंच मागेन, आणि याला नवे पाइप लागत नाहीत.