इंग्लिश लाकडी फार्महाऊसचं मॉडेल : टाय बीम सुटतोय

नवशिका, गिरगाव
इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या १५व्या शतकातल्या फार्महाऊसचं १:२० मॉडेल करतोय, सागवानी पट्ट्यांत. वासे चढवले की वॉल प्लेट (भिंतीच्या माथ्यावरची, वासे टेकतात ती आडवी तुळई) बाहेर सरकते आणि टाय बीम (समोरासमोरच्या भिंतींना बांधणारी आडवी तुळई) निघून येतो. फेविकॉलशिवाय जमेल? आणि चौकटी कशाने भरू?

सुतारपक्षी
खांबाची डोकी सरळ कापलीत ना? घोळ तिथेच आहे. मूळ घरांत मुख्य खांब वर आतल्या बाजूला रुंद होतो, त्याला जाउल म्हणतात. त्यासाठी ओंडका बहुधा उलटा, बुंधा वर करून उभा करत. रुंद डोक्यावर दोन कुसू (खाचेत बसणाऱ्या लाकडी जिभा), एकमेकांशी काटकोनात. बाहेरचा बुटका, तो वॉल प्लेटच्या खाचेत जातो. आतला उंच, तो टाय बीममध्ये. शिवाय टाय बीमच्या टोकाला खालून डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखा टोकाकडे रुंद होणारा सांधा) कापून तो प्लेटवर बसवायचा. वासे प्लेटला बाहेर ढकलतात, तिला धरून ठेवायचं काम या डव्हटेलचं. ओक ओलाच कापत, तो वाळून आकसला की डव्हटेल सैल पडे. त्यामुळे खऱ्या घरांतही प्लेट जराशी बाहेर गेलेली दिसते.

क्रम चुकवू नका : खांब, प्लेट, मग टाय बीम, शेवटी वासे. खुंट्यांना अगरबत्तीची काडी तासून १ मिमी करा. खऱ्या कामात कुसवातलं खुंटीचं भोक सुमारे ३ मिमी खांद्याकडे (कुसू जिथून सुरू होतो तिकडे) सरकवतात, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आवळला जातो. १:२० मध्ये तो नाद सोडा.

चुनखडी
भरणा म्हणजे आपला कोकणातला कुडच. ओकच्या उभ्या काठ्या : वरचं टोक तुळईच्या भोकात, खालचं खोबणीत सरकवलेलं. त्यांत हेझलच्या फांद्या विणून दोन्हीकडून माती, पेंढा, शेणाचा लेप आणि वर चुना. तुम्ही खराट्याच्या काड्या आणि शाडू वापरा. नुसता शाडू तडकतो. बारीक वाळू मिसळा, दोन पातळ हात द्या.

काळा-पांढरा रंग मात्र नको. तो थाट बराचसा १९व्या शतकातला. केंटकडे ओक राखाडीच राहू देत, नाहीतर त्यावरूनही चुना फिरवत.

सुतारपक्षी
हॉलमध्ये धुराडं दाखवू नका. चूल जमिनीवर मध्यभागी, म्हणून तिथले वासे काजळीने काळे करा.

नवशिका, गिरगाव
आणि जोत्याजवळ सिमेंट लावलं तर?

चुनखडी
मॉडेलला काही होणार नाही. खऱ्या घरात सिमेंटला चीर पडली की पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही आणि तळाची आडवी तुळई आधी कुजते. गिरगावातल्या सागवानी चाळींच्या खांबांचे पायही असेच जातात.