एक्सेल पुरतं, पण बोर्ड सगळीकडे खेळला गेला तरच

डुप्लिकेट ब्रिजमध्ये (तेच पत्ते सगळ्या टेबलांवर खेळून जोड्यांची तुलना करतात) गुण मोजायला 'आठ टेबलांना एक्सेल पुरतं' असं काहीजण म्हणतात, ते बेरजेपुरतं मान्य. हरवलेल्या प्रत्येक जोडीमागे २, बरोबरीला १, एवढं कुणीही बसवेल. गोची होते ती एखादा बोर्ड (पत्त्यांचा एक ठरलेला डाव) एका टेबलावर वेळेअभावी राहिला की. टॉप, म्हणजे त्या बोर्डावरचे जास्तीत जास्त गुण, १४ ऐवजी १२ उरतो आणि एक्सेलवाले तो सरळ प्रमाणात फुगवून १४ करतात. डुप्लिकेटची बहुतेक सॉफ्टवेअर इथे न्यूबर्ग सूत्र लावतात: १२ गुणिले ८ (एकूण टेबलं), अधिक १ (राहिलेलं टेबल), भागिले ७ (खेळलेली टेबलं), म्हणजे १३.८६. तळाच्या जोडीलाही ०.१४ मिळतात. आठव्या टेबलावर त्यांच्याहून वाईट कुणी खेळलंच नसतं कशावरून?

बाकी नॉर्थला बसून निकाल नोंदवणाऱ्याने डिक्लेररची (बोली जिंकून डाव खेळणाऱ्याची) दिशाच चुकीची दाबली तर सॉफ्टवेअर तरी काय करणार! ब्रिजमेटवर (निकाल नोंदवायच्या टेबलावरच्या यंत्रावर) त्यासाठीच प्रतिस्पर्धी ईस्टची मंजुरी लागते, आणि ईस्ट न बघताच ओके दाबतो.