तीन टनाची रोल्स-रॉईस वळणावर कलत कशी नाही?

घाटवाला_७७:
मंडळी, बावळट प्रश्न आहे, हसू नका. रोल्स-रॉईस स्पेक्टर २०२२ च्या ऑक्टोबरात आली, त्याआधीचे ते कॅमोफ्लाज गुंडाळलेल्या प्रोटोटाइपचे, म्हणजे चाचणीसाठी बनवलेल्या नमुना गाड्यांचे फोटो बघत बसलो होतो. वजन २,८९० किलो, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास आणि वर इलेक्ट्रिक. आमची सात सीटर ताम्हिणीत चार वळणं घेते न घेते तोच मागे बसलेल्या आईला गाडी लागते. मग एवढं धूड वळवून हे इंजिनिअर लोक नेमकं बघतात काय? स्टॉपवॉच लावून तर बसत नसतील ना?

बुशवाला:
बावळट अजिबात नाही, सस्पेन्शनवाल्यांचं निम्मं आयुष्य यातच जातं. बघ, वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा अँटी-रोल बार असतो, तो जाड केला की कलणं कमी, पण मग सरळ रस्त्यावर एका चाकाखाली खड्डा आला की त्याचा हिसका दुसऱ्या बाजूलाही जातो आणि आत बसलेला माणूस डोलतो. साध्या गाडीत मधला काहीतरी तह करतात. स्पेक्टरमध्ये सरळ रस्त्यावर हा बार चक्क सुटा होतो, प्रत्येक चाक आपापलं, आणि नॅव्हिगेशनवरून पुढे वळण आहे कळलं की परत जोडला जातो, डॅम्पर (म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) कडक होतात, मागची चाकंही वळतात. टेस्टिंगमध्ये खरी डोकेदुखी ही जोडाजोडी. लवकर झाली तर सरळ रस्त्यावर उगाच कडक लागणार, उशिरा झाली तर वळणाच्या तोंडाशी गाडी आधी कलणार आणि मग सावरणार, अन् पोट ढवळतं ते त्या सावरण्यानेच. सेन्सर असतातच पण शेवटी टेस्ट ड्रायव्हरला सीटवर बसून जे जाणवतं त्याला तो १० पैकी मार्क देतो, हे अजूनही तसंच चालतं.

शंकासुर:
ते सगळं ठीक आहे पण कंपनी म्हणते २५ लाख किमी टेस्टिंग, म्हणजे ४०० वर्षांचा वापर. भागाकार करा की, वर्षाला ६,२५० किमी. माझी अ‍ॅक्टिव्हा जास्त फिरते 😂

बुशवाला:
हाहा, बरोबर आहे, पण ज्याच्या दारात पाच-सहा गाड्या आहेत तो एक गाडी फिरवणार किती? आणि हे किमी एकाच गाडीचे नाहीत. मला आकड्यापेक्षा जागा महत्त्वाच्या वाटतात. स्वीडनच्या उत्तरेला आर्यप्लोगला उणे ४० मध्ये नेली होती, आणि ते फक्त बॅटरीसाठी नाही हां. बर्फावर पकड नसते त्यामुळे डांबरावर फार वेगात आणि क्षणात होणारं घसरणं तिथे हळू वेगातच होतं, स्लो मोशनमध्ये बघितल्यासारखं, मग निवांत बघून सॉफ्टवेअर सुधारता येतं.

ओल्डट्रॅक:
आणि फ्रान्समधलं मिरामास राहिलं की! जुना रेस ट्रॅक, आता बीएमडब्ल्यूचं, म्हणजे रोल्स-रॉईसच्या मालक कंपनीचं टेस्ट सेंटर आहे. १९२६ ची फ्रेंच ग्रां प्री ही मोटारशर्यत तिथेच झाली होती, सुरुवातीला उभ्या फक्त तीन गाड्या, तिन्ही बुगाटी 😅 स्पेक्टरचे प्रोटोटाइप तिथे आणि बाहेर रिव्हिएराच्या, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकाठच्या रस्त्यांवर फिरवले, त्या टप्प्यातलं निम्म्याहून जास्त टेस्टिंग गिऱ्हाइकं प्रत्यक्ष चालवतील अशा रस्त्यांवर. मला हेच पटतं, ट्रॅकवर शहाणी वागणारी गाडी अरुंद समुद्रकाठच्या रस्त्यावर वेडी होऊ शकते.

घाटवाला_७७:
भारी माहिती, धन्यवाद. पण मागे बसणाऱ्याचं काय, ते नाही बघत?

बुशवाला:
बघतात, पण ही दोन दारांची गाडी आहे भाऊ, इथे मालक स्वतः स्टीअरिंगवर बसेल असं धरलंय. म्हणून स्टीअरिंग फार हलकंही नको आणि जडही नको. बाकी तुझ्या सात सीटरचं म्हणशील तर आधी टायरमधली हवा बघ, डॅम्पर गळतायत का बघ, आणि आईंना पुढे बसव.