ऑरनचे मौन: यूनाला सत्य आधी सांगायला हवे होते का?

काठावरचा

'फायनल फँटसी टेन' हा २००१ सालचा व्हिडिओ गेम नुकताच दुसऱ्यांदा पूर्ण केला. (पुढे कथेतील रहस्ये उघड केली आहेत, खेळ अपुरा असेल त्यांनी इथेच थांबावे.) पहिल्या वेळी यूना या तरुण समनरसोबत चालणारा ऑरन मला आदर्श रक्षक वाटला होता, या वेळी मात्र त्याचा रागच आला. समनर म्हणजे एऑन नावाच्या दिव्य शक्तींना आवाहन करणारा; फायनल एऑन या शेवटच्या शक्तीच्या बळावर सिन या संहारक राक्षसाला मारताना समनरचा जीव जातो, हे स्पायरा या खेळातल्या जगात सर्वांना ठाऊक आहे आणि यूनाने ते स्वीकारूनच यात्रा आरंभली आहे. परंतु तो एऑन घडवण्यासाठी समनरच्या जिवलगाचाही बळी लागतो, आणि पुढे तोच एऑन नवा सिन बनतो, म्हणजे एवढ्या मोबदल्यात स्पायराला मिळते ती केवळ काही काळाची उसंत, हे ऑरनला ठाऊक होते. दहा वर्षांपूर्वी यूनाचे वडील ब्रास्का आणि मित्र जेक्ट यांना त्याने असेच गमावले होते. तरीही तो झानारकंडपर्यंत, म्हणजे यात्रेच्या शेवटच्या ठिकाणापर्यंत, गप्प राहिला. सतरा वर्षांची मुलगी ज्यावर प्राण ओवाळून टाकणार आहे ते आतून पोकळ आहे, हे तिला सांगणे रक्षकाचे पहिले कर्तव्य नव्हे काय?

शाईचा डाग

कर्तव्य होते, पण ऐकणारे कोण होते तेही पाहावे. यूनाचा दुसरा रक्षक वाक्का स्पायरातल्या येव्हॉन धर्माच्या शिकवणीवर इतका विसंबून होता की, यंत्रे वापरणाऱ्या अल बेड लोकांचा तो मनापासून तिरस्कार करी. लुका शहराच्या बंदरात भेटताच ऑरनने 'तुमचा धर्म एका खोट्यावर उभा आहे' असे म्हटले असते, तर वाक्काने ते पाखंड मानले असते आणि यूना तरीही पुढे गेलीच असती, कारण वडिलांनी जे केले ते व्यर्थ होते हे कुणाच्या तोंडून ऐकून पटण्यासारखे नाही. शिवाय ऑरनने तरुणपणी सांगून पाहिलेच होते. सिन पुन्हा येईल, परत फिरू, अशी त्याने ब्रास्काची विनवणी केली. आणि या वेळी कदाचित तो येणार नाही, या आशेवर ब्रास्का पुढे गेला. नंतर झानारकंडात फायनल एऑन देणाऱ्या यूनालेस्काला जाब विचारायला गेलेला ऑरन प्राणाला मुकला (स्पायरात मृतही जिवंतांत वावरू शकतात, तसाच तो यूनासोबत आहे). शब्दांनी काय साधते याचा त्याच्याइतका कडू अनुभव दुसऱ्या कुणाला नसावा.

तिसरा प्रहर

वरील प्रतिसादातील युक्तिवाद बेव्हेल या येव्हॉनच्या मुख्य नगरीपर्यंतच टिकतो, आणि चर्चेत नेमकी हीच सीमारेषा सुटते आहे असे वाटते. बेव्हेलच्या न्यायसभेत खुद्द येव्हॉनचा सर्वोच्च धर्मगुरू ग्रँड मेस्टर मिका हा मृत असून सत्तेवर बसला आहे हे सर्वांनी पाहिले. त्यानंतर वाक्काची श्रद्धा ही सबब उरत नाही. मकालानियाच्या वनात यूना 'यात्रा पूर्ण करणारच' असे सांगते, पुढे सगळे विस्तीर्ण पठार पार करून गागाझेट पर्वताच्या बर्फात चढतात, आणि या एवढ्या वाटचालीत ऑरनला बोलायला निवांत वेळ मिळाला नाही, असे कुणी म्हणू शकणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक खटकते. जेक्टच आताचा सिन आहे, हे ऑरन जेक्टच्या मुलाला, कथानायक टीडसला, लुकातच सांगून मोकळा होतो. म्हणजे धक्का बसेल म्हणून सत्य लपवणारा हा माणूस नव्हे. टीडसला यात्रेशी बांधून ठेवणारे अर्धे सत्य त्याने लगेच सांगितले आणि यात्राच थांबवू शकणारे अर्धे मात्र राखून ठेवले. यूनानेही जिस्कालच्या चित्रमुद्रित गोलकातले, मुलगा सेमोर यानेच त्याची हत्या केल्याचे सत्य सोबत्यांपासून दडवले होते. पण सेमोरला एकटीने सामोरे जाण्याची जोखीम तिने स्वतःवर घेतली. ऑरनच्या मौनाची जोखीम यूनाच्या माथी होती.

शाईचा डाग

बेव्हेलचा मुद्दा मान्य. तरीही यूनाचा नकार कशातून आला ते आठवावे. सिन शाश्वत आहे, हे तिने यूनालेस्काच्याच तोंडून ऐकले. स्वतः ऑरनने तेच सांगितले असते, तर खात्री करून घ्यायला ती तिथे गेलीच असती.

काठावरचा

गेली असती, पण मनाची तयारी करून गेली असती, आणि बरोबरच्यांनाही आपल्यापैकी कुणाचा बळी मागितला जाणार आहे हे आधी कळले असते. मला राहून राहून यूनाची अल बेड रक्षक रिक्कू आठवते. अल बेड लोकांना फायनल एऑनचे हे रहस्य ठाऊक नव्हते. समनर मरतात एवढेच त्यांना पुरेसे होते, आणि तेवढ्यासाठी ते शिव्याशाप सोसून समनरांना पळवून नेत होते. अर्धे जाणणारे वाट अडवून उभे राहिले, आणि सगळे जाणणारा ऑरन शेवटच्या पायरीपर्यंत यूनाच्या मागून चालत राहिला. तिथेही त्याचे तरुणपण त्या दालनाच्या स्मृतींतून सर्वांना दिसले, तेव्हाच तो बोलू लागला.